ज्यांनी बँड वर आणला, त्यांचे त्या बँडकडे काही येणे उरते का? (आर्क्टिक मंकीज)

पोलादी गाव

ऑक्टोबर २००५ मध्ये ‘आय बेट यू लुक गुड ऑन द डान्सफ्लोर’ हे गाणे ब्रिटनच्या विक्रीच्या यादीत थेट पहिल्या क्रमांकावर आले, तेव्हा आर्क्टिक मंकीज या बँडचा अल्बम निघालेला नव्हता. पण शेफील्डच्या क्रुक्समूर भागातल्या आमच्या भाड्याच्या घरात राहणाऱ्या पाचांपैकी तिघांना या बँडची डझनभर गाणी तोंडपाठ होती. बार्न्सलीहून आलेल्या एका मित्राकडे निळ्या मार्करने नुसते ‘मंकीज’ असे लिहिलेली सीडी होती. ती त्याला कोणी दिली हे त्याला आठवत नव्हते, आणि आम्ही तिच्या किती प्रती काढल्या हे आज आम्हालाही सांगता येणार नाही. मी मूळचा सांगलीचा, गिटारच्या संगीताशी माझा संबंध तोवर शून्य. तरीही त्या सीडीमुळे मला त्या शहराची भाषा आधी कळली आणि रस्ते नंतर.

ज्यांना हा इतिहास ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. शेफील्डच्या उत्तरेकडच्या हाय ग्रीन या उपनगरातल्या मुलांनी २००२ मध्ये हा बँड काढला: गायक आणि गीतकार अ‍ॅलेक्स टर्नर, गिटारवर जेमी कुक, ड्रमवर मॅट हेल्डर्स आणि बेसवर अँडी निकल्सन. त्यांचा पहिला कार्यक्रम १३ जून २००३ रोजी द ग्रेप्स नावाच्या पबमध्ये झाला. पुढे ते स्वतः डेमो सीडी तयार करून कार्यक्रमाला आलेल्या लोकांना फुकट वाटू लागले. प्रती थोड्या आणि मागणी जास्त असल्यामुळे ज्यांच्या हाती सीडी पडली त्यांनी ती गाणी संगणकावर चढवून एकमेकांना पाठवली. त्या गाण्यांच्या संग्रहाला ‘बिनीथ द बोर्डवॉक’ हे जे नाव पडले, तेही बँडने दिलेले नव्हते; शेफील्डमधल्या बोर्डवॉक या सभागृहात त्या सीडी हाती आल्या म्हणून गाणी चढवणाऱ्याने ओळखीपुरते ठेवलेले ते नाव होते. मायस्पेस या समाजमाध्यमावरचे त्यांचे पानसुद्धा चाहत्यांनीच तयार केलेले होते आणि बँडला त्या संकेतस्थळाविषयी फारशी माहितीही नव्हती. २००५ च्या उन्हाळ्यात रीडिंग आणि लीड्सच्या महोत्सवांत, नवख्यांसाठी राखलेल्या छोट्या मंचापुढे, अनपेक्षित गर्दी झाली आणि तिथले श्रोते कुठल्याही दुकानात न मिळणारी गाणी शब्दन् शब्द म्हणत होते.

आपल्याकडे जुन्या गवयांच्या खासगी मैफलींच्या टेपा एका रसिकाकडून दुसऱ्याकडे अशाच फिरल्या. फरक एवढाच की, गवयाचे नाव त्या टेपेच्या आधी मोठे झालेले असे. इथे नाव मोठे होण्याचे काम टेपेनेच केले. त्या काळात या चाहत्यांनी वितरकाचे, जाहिरातदाराचे आणि ग्रंथपालाचे काम मोबदल्याविना केले. ‘व्हॉटएव्हर पीपल से आय अ‍ॅम, दॅट्स व्हॉट आय अ‍ॅम नॉट’ हा पहिला अल्बम २३ जानेवारी २००६ रोजी आला आणि ब्रिटनमध्ये पहिल्या आठवड्यात त्याच्या ३,६३,७३५ प्रती खपल्या. त्याआधी पदार्पणाच्या अल्बमचा विक्रम ‘पॉपस्टार्स’ या टीव्ही स्पर्धेतून जुळवलेल्या हिअरसे या गटाच्या नावावर होता, आणि २००७ च्या अखेरीस मंकीजचा विक्रम मोडला तो ‘द एक्स फॅक्टर’ जिंकलेल्या लिओना लुईसने. म्हणजे मागे टीव्ही, पुढे टीव्ही आणि मधल्या पावणेदोन वर्षांत निळ्या मार्करने नाव लिहिलेली सीडी.

माझी तक्रार पुढची आहे. ‘फेक टेल्स ऑफ सॅन फ्रान्सिस्को’ या त्यांच्या सुरुवातीच्या गाण्यात अमेरिकन असल्याचा आव आणणाऱ्या बँडला, तुम्ही न्यूयॉर्कचे नसून शेफील्डशेजारच्या रॉदरहॅमचे आहात, अशी कानउघाडणी आहे. ज्याने ते लिहिले तोच टर्नर पुढे लॉस एंजेलिसला राहायला गेला, केसांना तेल लावून कपाळावर फुगा काढू लागला आणि त्याच्या बोलण्याचा हेल असा बदलला की, २०१३ मध्ये ग्लास्टनबरी संगीत महोत्सवाच्या मंचावर तो दोन गाण्यांच्या मध्ये बोलला तेव्हा लोकांनी त्याची टिंगल केली. २०१४ च्या ब्रिट पुरस्कारांत त्याने रॉक अँड रोलवर प्रवचन दिले, मायक्रोफोन जमिनीवर टाकला आणि त्याचे बिल मला पाठवा, असे सांगितले. ज्या चाहत्यांनी त्याला त्या मंचापर्यंत पोहोचवले त्यांचा बँडवर कायदेशीर हक्क नाही, हे मला मान्य आहे. परंतु हक्क नसला तरी ऋण असू शकते, आणि ते या बँडने फेडलेले नाही, असे माझे मत आहे. विरोधी मते अवश्य मांडावीत.

मध्यलय

धागा चांगला आहे, पण त्यातला हिशेब मला उलटा वाटतो. पहिली वस्तू कोणी कोणाला दिली? गाणी बँडने लिहिली, स्टुडिओचे पैसे बँडने भरले, सीडी बँडने तयार केल्या आणि बँडने त्या फुकट दिल्या. तुम्ही तिच्या प्रती काढल्या त्या गाणी आवडली म्हणून, भविष्यात व्याजासह वसूल करायच्या म्हणून नव्हे. दानाची परतफेड म्हणून केलेल्या कौतुकाचे पुन्हा कर्जात रूपांतर करणे हे सावकारी झाले.

‘फेक टेल्स’चा दाखला तर तुमच्याच विरुद्ध जातो. ते गाणे अमेरिकेविरुद्ध नसून, जे आपण जगत नाही ते गाण्याविरुद्ध आहे. टर्नरने पहिल्या अल्बमची गाणी सतराव्या ते एकोणिसाव्या वर्षांदरम्यान लिहिली, आणि त्यांत टॅक्सीची रांग, दारावरचा दांडगा रखवालदार, पोलिसांची गाडी, नाचताना पलीकडे दिसलेली मुलगी असे त्या वयाचे सगळे जग आहे. तोच माणूस सत्ताविसाव्या वर्षी लॉस एंजेलिसमध्ये राहत असताना शेफील्डच्या टॅक्सीच्या रांगेवर लिहू लागला असता, तर तो त्या गाण्यातला रॉदरहॅमचा बँड झाला असता. फक्त आव उलट्या दिशेचा झाला असता, एवढेच.

दुसरे म्हणजे, हा बदल पैशासाठी झाला असे तुम्ही स्पष्ट लिहिलेले नसले तरी ओळींमधून ते ऐकू येते, म्हणून तारखा पाहू. बदल २०१३ मध्ये झाला नाही. २००९ चा ‘हंबग’ हा अल्बम पाहा: क्वीन्स ऑफ द स्टोन एज या बँडच्या जोश होमबरोबर कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात केलेला, संथ, काळोखा, पहिल्या दोन अल्बमच्या तुलनेत कमी खपलेला. चाहते तिथेच पहिल्यांदा रागावले. ज्याला गल्ला भरायचा असतो तो ‘डान्सफ्लोर’ची आणखी दहा भावंडे काढतो. आणि २०१३ च्या ‘ए एम’ या अल्बममुळे अमेरिका मिळाल्यावर त्याच वाटेने पुढे जाण्याऐवजी त्यांनी २०१८ मध्ये काय केले? चंद्रावरच्या एका हॉटेलाची कल्पना घेऊन, पियानोवर रचलेला, आधी एकही गाणे बाजारात न सोडलेला ‘ट्रँक्विलिटी बेस होटेल अँड कसिनो’. धंद्याच्या दृष्टीने यापेक्षा वेडगळ निर्णय सुचवून दाखवा.

मराठी प्रेक्षकांना ‘वन्स मोअर’ची सवय संगीत नाटकाने लावली आणि बालगंधर्वांनी मायबाप म्हणून प्रेक्षकांची आयुष्यभर मनधरणी केली. ते थोर होतेच. पण नव्या काळाचे नाटक त्या मनधरणीतून उभे राहिले नाही, हेही तितकेच खरे आहे. प्रेक्षकाने ‘वन्स मोअर’ अवश्य म्हणावे. नटाने तो दिलाच पाहिजे, असे म्हणू नये.

शेवटची गोष्ट म्हणजे, ज्या अल्बमच्या ३,६३,७३५ प्रती एका आठवड्यात गेल्या त्याचे शीर्षक तुम्ही पूर्ण लिहिले आहे, पण वाचलेले दिसत नाही. अ‍ॅलन सिलिटो यांच्या कादंबरीतल्या कामगार नायकाच्या तोंडचे ते वाक्य आहे आणि त्याचा अर्थ साधारण असा की, लोक मला जे काही म्हणतात ते मी नाही. वेष्टनावर इतकी स्पष्ट सूचना छापून विकलेल्या मालाविषयी तक्रार कशी करता येईल?

अनवट

तुम्ही दोघेही एक गृहीतक न तपासता पुढे गेला आहात. चाहत्यांनी बँड वर आणला हे विधानच मला अर्धे खरे वाटते.

२००३ ते २००५ या काळात इंग्लंडच्या उत्तरेकडे फुकट सीडी वाटणारे बँड शेकड्यांनी असणार, कारण तोवर सीडी तयार करणे स्वस्त झाले होते. त्यांच्या सीडी कोणी कॉपी केल्या नाहीत. मंकीजच्या केल्या, याचे पहिले कारण गाणी हे आहे आणि दुसरे कारण असे की, हा बँड म्हणावा तितका अनाथ नव्हता. त्यांच्यापाशी जेफ बॅरडेल हे व्यवस्थापक होते, जे स्वतः आधी एका बँडचे गायक राहिलेले असल्याने हा व्यवसाय आतून ओळखत होते. शेफील्डच्याच टू फ्लाय स्टुडिओत अ‍ॅलन स्मिथ यांच्यासारखा जाणता ध्वनिमुद्रक होता, त्यामुळे ‘फुकटची’ सीडी ऐकताना कान दुखत नव्हते. मे २००५ मध्ये त्यांनी स्वतःच्या लेबलवर दोन गाण्यांची तबकडी काढली ती केवळ दीड हजार प्रतींची. टंचाईने मागणी वाढते हे कळायला अर्थशास्त्राची पदवी लागत नाही. जूनमध्ये त्यांनी डॉमिनो या स्वतंत्र लेबलशी करार केला. तेही निरागस खेडवळांचे घर नव्हे, कारण आदल्याच वर्षी फ्रान्झ फर्डिनांड या बँडला यशस्वी करून दाखवल्यामुळे डॉमिनोकडे सगळ्यांचे लक्ष होते.

त्यानंतर वृत्तपत्रांनी ‘इंटरनेटने घडवलेला बँड’ ही गोष्ट उचलली. ती सगळ्यांच्याच सोयीची होती. रूपर्ट मर्डॉक यांच्या न्यूज कॉर्पने जुलै २००५ मध्ये मायस्पेसची मालक कंपनी सुमारे ५८ कोटी डॉलरना घेण्याचे जाहीर केले होते, त्यामुळे मायस्पेस हा शब्द त्या वर्षी बातमीत असणारच होता. या बँडची बातमी त्या शब्दाला अलगद जाऊन चिकटली. ‘एनएमई’ या संगीत-साप्ताहिकाने तर अल्बम बाजारात येऊन काही दिवस होतात न होतात तोच त्याला सार्वकालिक ब्रिटिश अल्बमांच्या यादीत पाचवा क्रमांक देऊन टाकला, इतके सगळे भारावले होते. (ज्या यादीत आठवडाभराचे बाळ पाचवे येते, ती यादी पुन्हा कशाला वाचायची?) मग प्रश्न असा की, त्या पहिल्या आठवड्यातल्या साडेतीन लाखांहून अधिक खरेदीदारांपैकी बोर्डवॉकमध्ये उभे राहिलेले किती? त्या सभागृहात काहीशे माणसे मावत. उरलेल्यांनी पेपर वाचून, रेडिओ ऐकून अल्बम घेतला. तेव्हा ऋण फेडायचे झाले तर ते ‘एनएमई’चेही फेडावे लागेल आणि मर्डॉकांचेही.

पोलादी गाव

अनवट यांनी मांडलेले तपशील मला मान्य आहेत, पण क्रम मान्य नाही. बातमी होण्यासाठी आधी काहीतरी घडावे लागते. रीडिंगच्या छोट्या मंचापुढे जमलेली माणसे ‘एनएमई’ने बसगाड्या करून आणलेली नव्हती. डॉमिनोचा करार जूनमधला आहे आणि आमच्या घरातली सीडी त्याच्या आधीची. रेकॉर्ड कंपन्यांच्या माणसांना फुकट आत सोडण्याचे बँडने नाकारले होते, कारण त्यांच्यावाचून इथवर आलो तर आता त्यांना आत कशाला घ्यायचे, असे त्यांचे म्हणणे होते. ‘टॉप ऑफ द पॉप्स’ या बीबीसीच्या प्रतिष्ठित कार्यक्रमालाही त्यांनी तेव्हा नकार दिला. हा ताठा कोणाच्या जिवावर होता? सभागृह भरलेले असल्याशिवाय असे नकार देता येत नाहीत.

मध्यलय यांच्या सावकारीच्या आरोपाला मी नंतर उत्तर देईन. शीर्षकाचा मुद्दा मात्र लागला, हे कबूल करतो.

खर्जातला सूर

माझा जन्म २००३ चा आणि गाव नाशिक. मला हा बँड कळला तो ‘५०५’ या गाण्यामुळे, आणि ते गाणे मला कळले ते मोबाइलवरच्या पंधरा सेकंदांच्या चित्रफितीमुळे. हे वाचून इथले काही जण नाक मुरडतील याची कल्पना आहे. पण ते गाणे २००७ च्या दुसऱ्या अल्बममधले शेवटचे गाणे आहे. तेव्हा ते सिंगल म्हणून काढलेले नव्हते आणि ते वर्षानुवर्षांनी कोट्यवधी लोकांपर्यंत पोहोचले ते कंपनीच्या नव्हे, तर ऐकणाऱ्यांच्या प्रतापामुळे. एकाने दुसऱ्याला पाठवले, दुसऱ्याने तिसऱ्याला. पोलादी गाव यांनी निळ्या मार्करची जी गोष्ट सांगितली तिच्यात आणि माझ्या गोष्टीत नेमका कोणता फरक आहे, हे त्यांनी सांगावे.

मी लीड्सला शिकत असताना जून २००३ नंतर बरोबर वीस वर्षांनी, म्हणजे जून २०२३ मध्ये, शेफील्डच्या हिल्सबरो पार्कमध्ये त्यांचे दोन कार्यक्रम झाले. त्यातल्या पहिल्याला मी गेले होते. दुपारपासून रांगेत उभी होते आणि माझ्या पुढे चाळिशीतले चौघे होते. त्यांनी मला फार सौजन्याने विचारले की, तू बोर्डवॉकचे नाव तरी ऐकले आहेस का? मी हो म्हटले, तर पुढचा प्रश्न ‘स्कमी’ हे कोणत्या गाण्याचे जुने नाव, असा होता. ‘व्हेन द सन गोज डाउन’चे, हे मला ठाऊक होते, पण मी उत्तर दिले नाही, कारण तिकीट काढून आलेल्या माणसाला तोंडी परीक्षा का द्यावी लागावी, हे मला समजले नाही. नव्या, संथ गाण्यांच्या वेळी हेच चौघे हाताची घडी घालून उभे होते आणि जुने गाणे लागले की, आमच्या पायांवर पाय देत पुढे सरकत होते.

आपल्याकडे गावात मिरासदार आणि उपरी असा भेद असे. जमीन दोघेही कसत, पण मिरासदाराचा हक्क पिढीजात आणि उपऱ्याचा मालकाच्या मर्जीवर. पोलादी गाव ज्याला ऋण म्हणतात, ती मला मिरासदारी वाटते. बँडने पहिल्या चाहत्यांचे देणे लागायचे म्हणजे आम्ही नंतरच्यांनी कायम उपरे राहायचे, असा त्याचा अर्थ होतो.

मध्यलय

मिरासदारीची उपमा माझ्या सावकारीपेक्षा नेमकी आहे. मी माझी मागे घेतो.

रिकामी रांग

बराच वेळ वाचत होतो, आता राहवत नाही म्हणून पोलादी गाव यांची बाजू घेतो. त्यांनी स्वतः ती जितकी मांडली त्याहून थोडी पुढे नेऊन.

२० जून २०२३ रोजी डब्लिनच्या मार्ले पार्कमध्ये या बँडचा कार्यक्रम होता. टर्नरच्या स्वरयंत्राला सूज आल्यामुळे तो आदल्या दिवशी रद्द झाला. २३ जूनला, म्हणजे तीनच दिवसांनी, ग्लास्टनबरीचा मुख्य मंच मात्र त्यांनी साजरा केला आणि तो बीबीसीने घरोघर दाखवला. मी तेव्हा नोकरीनिमित्त कॉर्कला होतो. तिकिटाचे पैसे परत मिळतात. रेल्वेचे आणि हॉटेलचे परत मिळत नाहीत. माझ्या ओळखीचे एक आयरिश जोडपे अठरा वर्षे या बँडमागे फिरत आहे. त्यांचा राग कार्यक्रम रद्द झाल्याबद्दल नव्हता, तर आपली पायरी कोणती हे इतक्या उघडपणे कळल्याबद्दल होता.

निष्ठा ही वस्तू बँडच्या हिशेबात कोठेच नोंदली जात नाही, असे मला म्हणायचे आहे. २००६ मध्ये अँडी निकल्सन थकव्याचे कारण देऊन अमेरिकेच्या दौऱ्यातून बाजूला झाला, त्याच्या जागी निक ओमॅली आला आणि निकल्सन बँडमध्ये परतलाच नाही. शाळेपासूनच्या मित्राबाबत जे होते, ते रांगेतल्या अनोळखी माणसाबाबत का होणार नाही?

मध्यलय

हे मात्र अन्यायाचे बोलणे आहे. गळा हे वाद्य असे आहे की, त्याची तार तुटली तर दुसरी बसवता येत नाही. मी स्वतः पंधरा वर्षे गाणे शिकतो आहे आणि स्वरयंत्राला सूज आलेली असताना कार्यक्रम केल्याचा परिणाम एका जवळच्या व्यक्तीच्या बाबतीत पाहिला आहे. सहा महिने तिला कुजबुजल्यासारखे बोलावे लागत होते. तीन-चार दिवसांची विश्रांती मिळाली तर आवाज काम करण्याइतका परत येऊ शकतो, आणि ती मिळवायची तर मधला एक कार्यक्रम सोडावाच लागतो. सोडला गेला तो डब्लिनचा, कारण तारखेने तोच मध्ये होता. ग्लास्टनबरी २० तारखेला आणि डब्लिन २३ ला असते तर काय झाले असते, याविषयी तर्क करायला तुम्ही मोकळे आहात, पण तो तर्कच राहील.

निकल्सनबद्दल आपण बाहेरच्यांनी कमी बोलावे हे बरे. विशीतल्या मुलांवर सहा महिन्यांत एवढे सगळे कोसळले, त्यात कोणाचे काय मोडले हे त्यांनाच ठाऊक.

पोलादी गाव

उत्तर द्यायला उशीर झाला, त्याचे एक कारण असे की, खर्जातला सूर यांच्या प्रश्नाचे उत्तर मला लवकर सापडले नाही.

निळ्या मार्करची सीडी आणि पंधरा सेकंदांची चित्रफीत यांत फरक आहे, असे मला अजूनही वाटते, पण तो मी समजत होतो त्या ठिकाणी नाही. प्रयत्न जास्त की कमी, हा मुद्दा नाही. प्रत काढायला आम्हालाही काही मिनिटेच लागत. फरक असा की, आम्ही सीडी ज्याला दिली त्याच्याबरोबर पुढच्या आठवड्यात त्याच सभागृहात उभे राहत होतो. ती गाणी ज्या बसगाड्यांविषयी, ज्या क्लबांविषयी होती, त्याच बसने आम्ही घरी जात होतो. त्या गाण्यांत यॉर्कशरची बोली जशी बोलली जाते तशी होती. वऱ्हाडी किंवा मालवणी माणसाला आपली बोली रंगमंचावर, विनोदापुरती नव्हे तर प्रेमाच्या आणि भांडणाच्या गाण्यात, सरळ ऐकू आली तर काय वाटेल, याची कल्पना करावी. मी तर तिथे परकाच होतो. पण माझ्या घरातल्या मुलांना काय वाटत होते ते मी त्यांच्या चेहऱ्यावर पाहिले आहे. पुढे टर्नरचा हेल बदलला तेव्हा त्यांना दुखले, ते बँडने शैली बदलली म्हणून नव्हे, तर आपली भाषा बोलणारा एक माणूस कमी झाला म्हणून. बँड हे ऋण पहिल्या चाहत्यांचे नव्हे, तर त्या गावाचे लागतो, असे मी आता म्हणेन. तेवढ्यापुरती मिरासदारी मी सोडली.

प्रामाणिकपणाने माझ्याच विरुद्धचा एक पुरावाही ठेवतो, कारण तो कोणी ना कोणी आणणारच आहे. २०२० मध्ये साथीच्या काळात सगळी सभागृहे बंद पडली, तेव्हा टर्नरने आपली एक गिटार सोडतीसाठी दिली आणि शेफील्डच्या लेडमिल या सभागृहासह छोट्या कार्यक्रमस्थळांसाठी त्यातून एक लाख पौंडांहून अधिक रक्कम उभी राहिली. बोर्डवॉक त्याआधी दहा वर्षे, २०१० मध्येच, बंद पडले होते. तिथे एके काळी टर्नर बारमागे काम करत असे आणि त्याच इमारतीत, तिचे नाव ब्लॅक स्वान होते तेव्हा, १९७६ मध्ये द क्लॅश या बँडचा पहिला कार्यक्रम झाला होता. तिथे जाऊन उभे राहावे असे मला २०२३ मध्ये वाटले होते, पण स्टेशनवरून परत फिरलो.

अनवट

म्हणजे गिटारची सोडत निघाली, गावाचे देणे काही अंशी फिटले आणि धाग्याचा मूळ दावा मागे घेतला गेला, असे समजायचे का? मला तसे वाटत नाही, कारण एका गिटारीने हिशेब मिटत असेल तर तो हिशेब मुळात भावनेचा नव्हता, असे होईल. मी माझ्या जागी आहे: गाणी चांगली होती, यंत्रणा हुशार होती, काळ अनुकूल होता आणि चाहते या तिन्हींचा परिणाम होते. सुरुवातीच्या सहाही अल्बमांनी ब्रिटनमध्ये पहिला क्रमांक मिळवला. त्यात ‘हंबग’ही आला आणि चंद्रावरचे हॉटेलही आले, म्हणजे रागावलेले चाहतेसुद्धा अल्बम विकत घेतच होते. असा राग बँडने मनावर का घ्यावा?

खर्जातला सूर

तो मनावर घेतला असावा, असे मला वाटते. ‘मार्डी बम’ हे पहिल्या अल्बममधले सगळ्यांचे लाडके गाणे. ते बँडने जवळजवळ टाकूनच दिले होते. २०१३ च्या ग्लास्टनबरीत ते वाजले, पण तंतुवाद्यांच्या साथीने, संथ आणि पार बदललेल्या रूपात. २०२३ च्या ग्लास्टनबरीत मात्र ते पूर्ण बँडसह, मूळच्या चालीत वाजवले. मैदानात काय झाले ते ज्यांनी प्रक्षेपण पाहिले त्यांना सांगायला नको. त्यांच्यावर कोणाचीही सक्ती नव्हती. माझ्या मते त्या गाण्याची किंमत यामुळेच आहे. करारात लिहून घेतले असते तर ती राहिली नसती.

मध्यलय

यातून एक भाषेचा प्रश्न निघतो, तो विचारून मी थांबतो. ‘मार्डी’ या उत्तरेकडच्या शब्दासाठी मराठीत काय म्हणावे? रुसलेला म्हटले तर फार गोड होते, चिडका म्हटले तर फार कोरडे. मला ‘फुरंगटलेला’ हा शब्द जवळचा वाटतो, आणि खरे सांगायचे तर धाग्याचा पहिला लेख वाचताना तोच मनात आला होता.

पोलादी गाव

शब्द अचूक आहे आणि रोखही समजला. मात्र त्या गाण्यात तो शब्द प्रियकर प्रेयसीला उद्देशून वापरतो आणि पूर्वी आपले कसे छान चालले होते याची तिला आठवण करून देतो, हेही नोंदवून ठेवावे. ग्लास्टनबरीचे ते प्रक्षेपण मी आमच्या क्रुक्समूरच्या घरातल्या दोघांसह पाहिले. त्यातला बार्न्सलीचा मित्र ‘द कार’ या नव्या अल्बमची गाणी लागली की, उठून चहा करायला जात होता. ‘मार्डी बम’च्या पहिल्या सुरावटीला तो भांडे गॅसवर तसेच ठेवून बाहेर आला आणि गाणे संपेपर्यंत दारातच उभा राहिला. चहा उतू गेला होता.